साहेबांना सांगायच्या आधी मशीनवरच्या काकांना विचारा

मा. संपादक,

डिप्लोमाचे निकाल लागले की नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी नाहीतर मिहानच्या कंपन्यांकडे इंटर्नशिपला जाणारी पोरंपोरी दिसायला लागतात. माझ्यासोबत मेट्रोत लोकमान्य नगरपर्यंत रोज सकाळी असे तीन-चार जण असायचेच आणि सगळ्यांचं एकच, तिथे कोणी काही शिकवत नाही, नुसतं बसवून ठेवतात. मीपण आधी हेच म्हणायची. सहा महिने काढल्यावर माझं मत बदललं म्हणून हे पत्र, लांबलं तर कापून छापा.

मी मेकॅनिकलवाली. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये लागले. २०२४ मध्ये ही योजना आली तेव्हा बारावीवाल्यांना महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि पदवीवाल्यांना १० हजार विद्यावेतन ठरलं होतं, त्यातले ८ हजार माझे. काम क्वालिटीत, म्हणजे मशीनवरून उतरलेला जॉब (तयार झालेला भाग) मोजायचा आणि शीटवर लिहायचा.

एप्रिलमधली गोष्ट. सीएनसी लेथवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवरच्या काकांनी ८० मिलिमीटरचा शाफ्ट (गोल दांडा) काढून ठेवला, मी लगेच मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावला तर १५ मायक्रॉन जास्त (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मी त्यांना काहीच न विचारता थेट सुपरवायझर साहेबांकडे गेले, जॉब रिजेक्ट आहे म्हणून सांगितलं, साहेब सगळ्यांसमोर काकांना नाही नाही ते बोलले. अर्ध्या तासाने पुन्हा मोजला तर माप बरोबर टॉलरन्समध्ये, म्हणजे चालतो तेवढ्याच फरकात. जॉब गरम होता, बस एवढंच. स्टीलचा १०० मिलिमीटरचा जॉब २० डिग्रीने तापला की वीसच्या वर मायक्रॉन फुगतो, आणि मापासाठी स्टँडर्ड तापमान २० डिग्री धरतात हे मी मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे मापनशास्त्राच्या पेपरात पाठ करून लिहिलं होतं! काका एवढंच म्हणाले, "आधी मले विचारलं असतं तर काय झालं असतं, पोरी?" आणि नंतर जवळजवळ दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. बाकीचे ऑपरेटरपण मी आली की गप्प व्हायचे.

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं त्यांचं बरोबर होतं. रिजेक्शन शीटवर ऑपरेटरचं नाव पडतं, महिनाअखेरीस त्याच्यावरून बोलणी बसतात, त्यातले अर्धे लोक ठेकेदाराकडून आलेले, उद्या येऊ नको म्हटलं तर संपलं. अशात काल आलेली पोरगी हातात शीट घेऊन फिरते तर ते मला चुगलखोर समजणार नाही तर काय.

शेवटी मी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले होते तिथेच जाऊन काकांची माफी मागितली, कारण त्यांचा अपमान सगळ्यांसमोर झाला होता तर माफीपण सगळ्यांसमोरच पाहिजे असं मला वाटलं. साहेबांनाही जाऊन सांगितलं की चूक माझी होती, शीटवर दुरुस्ती करा. हे जास्त जड गेलं. काका काही बोलले नाहीत, फक्त डब्याचं झाकण सरकवून वांग्याची भाजी पुढे केली.

खरं शिक्षण त्याच्यानंतर सुरू झालं. मायक्रोमीटर हातात धरून ठेवला तर तोपण हाताच्या गरमीने फुगतो, कापायचं टूल घासलं की आवाज बदलतो, कटिंगचा बुरादा निळा पडला तर समजायचं गरमी जास्त होऊन राहिली. "आवाज ऐक आधी, मग स्क्रीन पाहा" हे काकांचं नेहमीचं. स्टोअरमधल्या ताईंनी इन्सर्टचे, म्हणजे टूलला लावायच्या कापणाऱ्या तुकड्यांचे, नंबर वाचायला शिकवले. हे सगळं ज्याला येतं त्याला ते शिकवायचा पगार मिळत नाही हो, तो फक्त आपल्या माणसाला सांगतो.

एक गोष्ट पोरींसाठी वेगळी लिहिते. मिळूनमिसळून राहायचं म्हणजे कोणाचं काहीही ऐकून घ्यायचं असं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ट्रेनी, अप्रेंटिस सगळे येतात आणि दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तिथे अंतर्गत समिती ठेवावीच लागते. पहिल्याच आठवड्यात समितीत कोण आहे ते विचारून घ्या, संकोच करू नका.

कॉलेजवाल्यांना विनंती की इंटर्नशिपला पाठवताना फॉर्म, सह्या आणि रिपोर्टचा नमुना देता तसं एक तास बसवून हेही सांगा की शॉपमध्ये कोणाचं काम कोणावर अडतं आणि चूक दिसली तर पहिले कोणाकडे जायचं. कंपन्यांनाही एक सांगायचंय. इंटर्न यायच्या आधी ऑपरेटर लोकांना सांगून ठेवा की हा पोरगा किंवा पोरगी तुमच्या जागेवर आलेली नाही, तुमच्यावर नजर ठेवायलाही नाही. आणि त्याला पहिला आठवडा शीट देऊच नका, एका जुन्या ऑपरेटरच्या बाजूला उभं करा, त्या ऑपरेटरचं त्या आठवड्याचं टार्गेट थोडं कमी धरा. आमच्या काकांकडे वेळच नसायचा, जे सांगितलं ते सगळं चहाच्या दहा मिनिटांत.

नाव छापू नये ही विनंती.

— मेकॅनिकल डिप्लोमाधारक, त्रिमूर्तीनगर, नागपूर