नवीन लोकलचा एक डबा आधी ठाण्याला उभा करून दाखवा

संपादक साहेब, नमस्कार.

दारं बंद होणाऱ्या नॉन-एसी लोकलच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, त्यावरून हे पत्र लिहितेय. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर गर्दीने दारात लटकलेले लोक लोकलमधून पडून गेले, त्यानंतर रेल्वेने सांगितलं की दारं आपोआप बंद होतील, दारांना हवेसाठी झडपा असतील, छतावरून हवा आत ढकलायची सोय असेल आणि डबे आतून जोडलेले असतील, वेस्टिब्यूल म्हणतात ते. छानच आहे. पण माझी तीस वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी उभ्याने गेली, त्यामुळे गाडीच्या आत काय असणार हेच मला आधी बघावंसं वाटतं, आणि त्यात 2024 च्या उन्हाळ्यात मुलीकडे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला राहून तिथल्या सबवेच्या, म्हणजे मेट्रोच्या, नव्या गाड्या बघून आले, तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

आर 211 त्यांचं नाव, कावासाकी कंपनीच्या. मार्च 2023 मधे ए लाइनवर पहिली धावली. ज्यांच्या जागी येतायत त्या गाड्या 1975 ते 78 च्या, नारिंगी-पिवळ्या सीटच्या, आणि त्यात गार्ड माइकवर काय बोलतो ते माझ्या मुलीलाही कळत नाही जी तिथे नऊ वर्षं राहतेय. नव्या गाडीत अनाउन्समेंट रेकॉर्ड केलेली, उजेड भरपूर, स्क्रीनवर पुढची स्टेशनं दिसतात, प्रत्येक डब्यात कॅमेरे. खाली निळी फरशी, दांडे पिवळे, त्यामुळे माझ्यासारखीला चष्मा पुसत असतानाही दांडा सापडतो. दाराला लाइटची पट्टी आहे, उघडताना हिरवी, बंद होताना लाल. ज्याला ऐकू कमी येतं त्याला ती बीप-बीप काय कामाची, त्याला ही पट्टी कळते.

आणि दार! जुन्या गाडीचं 50 इंच, नव्या गाडीचं 58. आठ इंचाने काय होतं असं मलाही वाटलं होतं, पण 58 इंच म्हणजे 4 फूट 10, माझी उंचीच तेवढी आहे हो, मी दारात आडवी मावेन. त्या आठ इंचात एक माणूस उतरत असताना दुसरा कडेने आत येतो, धक्का नाही, शिव्या नाहीत (कमी आहेत म्हणूया). दाराशी खोळंबा कमी झाला की गाडी लवकर हलते, एवढं साधं गणित आहे, आपल्याकडे तर गाडी स्टेशनात थांबते तीच मोजून काही सेकंद.

डबे आरपार जोडलेल्या गाड्या मात्र तेव्हा दोनच होत्या, 1 फेब्रुवारी 2024 पासून सी लाइनवर. मुलगी म्हणायची, आई, मिळाली तर नशीब. एकदा 81 व्या रस्त्यावरच्या म्युझियमला जाताना मिळाली. गाडी बाक घेते तेव्हा पुढचे डबे सापासारखे वळताना आतूनच दिसतात, मी लहान पोरासारखी बघत राहिले. पुढे एका स्टेशनवर आमच्या डब्यात लोंढा घुसला आणि अर्ध्या मिनिटात आपोआप पसरला, लोक सरळ चालत शेजारच्या डब्यात गेले. एक आजी ट्रॉली ओढत गेल्या, त्यांच्या मागोमाग मी. हौसेने चालत निघाले तर पाचव्या डब्यानंतर भिंत! दहा डब्यांची गाडी म्हणजे पाच-पाचचे दोन तुकडे आणि मधे ड्रायव्हरच्या केबिन. आले परत.

आता मुद्दा असा की न्यूयॉर्कला हे सोपं आहे. तिथे फर्स्ट क्लास नाही, लेडीज डबा नाही, सगळी गाडी सगळ्यांची. आपल्या बारा डब्यांत लेडीज आहे, फर्स्ट क्लास आहे, दिव्यांगांचा आहे, लगेज आहे जिथे टोपल्या आणि डबेवाल्यांचे क्रेट चढतात. हे सगळं आतून जोडणार म्हणजे नक्की कसं? लेडीजला मधे दार ठेवणार, जाळी ठेवणार की नुसती पाटी लावणार? एसी लोकलमधे आरपार आहे हे माहितीये, पण नॉन-एसीची 8.10 ची गर्दी ही वेगळी चीज आहे. गर्दी पसरायला वेस्टिब्यूल हवाच, पण रात्री 11 ला लेडीजमधे बसलेल्या मुलीला पाठीमागे उघडा पॅसेज नकोय, आणि ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

बाकी बारीकसारीक. झडपांमधून जुलैचा पाऊस आत येणार का? वरच्या कड्या सगळ्या एकाच उंचीवर लावणार का? तीस वर्षं मी कडीला लटकले नाही कारण हात पोचलाच नाही, शेजारणीच्या खांद्याला धरून आले, तिचे उपकार. कड्यांची एक ओळ खाली घ्यायला खर्च किती येणार. तिघींच्या बाकावर चौथी टेकते त्या चौथ्या सीटबद्दल काही बोलत नाही, ती डिझाइनमधे नसतेच, ती आपली आपण तयार करतो.

जावयाने सांगितलं ते मला सगळ्यात आवडलं. हीच आर 211 बनायच्या कितीतरी आधी, 2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधे, न्यूयॉर्कच्या सबवेवाल्यांनी 34 स्ट्रीट हडसन यार्ड्स स्टेशनात तिचं खऱ्या मापाचं मॉडेल आठवडाभर ठेवलं होतं. येणारेजाणारे आत शिरून बघत होते, दांडे धरून बघत होते, काय आवडलं काय नाही ते सांगत होते. गाडी धावली 2023 ला.

तसंच करा ना. लाकडाचा का असेना, एक डबा ठाण्याच्या किंवा दादरच्या स्टेशनात आठवडाभर उभा करा, लेडीजच्या भिंतीसकट, कड्यांसकट, आणि वरून पाण्याचा पाइप सोडून झडपाही बघू द्या. मी येते. ऑफिसची जुनी पर्स, भाजीची पिशवी आणि छत्री घेऊन येते, बरोबर ती शेजारीणही येईल, तिला हे पत्र वाचून दाखवलंय.

एक जुनी प्रवासी, डोंबिवली पूर्व