बाबांचा जांभळा दगड ओळखून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका, सा. न.

बाबा मँगनीजच्या खाणीत होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत हा दगड निघाला, 'काचुरवाही' (नागपूर जिल्ह्यातलं गाव) लिहिलेल्या चिठ्ठीत गुंडाळलेला. इतवारीतल्या एका दुकानात "कटेला (जांभळी गारगोटी, अ‍ॅमेथिस्ट) आहे, शनीसाठी अंगठी करा" म्हणाले. मी घासायला देणारच होते.

तुम्ही तो नुसता तळहातावर तोलला आणि म्हणालात, "कटेला इतका जड नसते, बाप्पा."

मग चिकटलेली गारगोटी टिचवून वेगळी केलीत, नाहीतर वजन खोटं आलं असतं. तिच्याच कपचीने दगडावर ओरखडा उठला. चाकूने उठला नाही. म्हणजे दहाच्या मोहस मापावर कठिनता सहाच्या आसपास, कटेला सात. वर भिंगातून सपाट पाटनपृष्ठं (खनिज ठरावीक दिशेने फुटल्यावर उघडणारे पृष्ठभाग) दिसली, जी कटेल्याला नसतातच.

नंतरचं वजन मात्र विसरणार नाही. हवेत 68 ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात टांगल्यावर साडेबावीस ग्रॅमची घट. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, जेमतेम 3. मी लगेच विंचाइट नावाचं खनिज ठरवून मोकळी झाले, मध्य प्रदेशातल्या झाबुआकडच्या काजलीडोंगरीचं! तुम्ही मान हलवलीत. विंचाइट अँफिबोल गटातलं, त्याची पाटनं 56 आणि 124 अंशांत छेदतात. इथे जवळजवळ काटकोन होता, पायरॉक्सीन या दुसऱ्या खनिजगटासारखा. "तराजू खोटं बोलत नाही, पण बुडबुडे बोलतात," म्हणत दगड तासभर भिजवलात, ब्रशने बुडबुडे झाडलेत. या वेळी घट 20 ग्रॅम, म्हणजे 3.4. चूक माझी, पण तुम्ही तसं एकदाही म्हणाला नाहीत.

तरी नाव सांगितलं नाहीतच. पातळ छेद करवून आणलात आणि सूक्ष्मदर्शकाचा फिरता मंच माझ्या हाती दिलात. फिरवला की गुलाबी, आणखी फिरवला की निळा! तेव्हा कुठे म्हणालात: ब्लॅनफोर्डाइट. भूशास्त्रज्ञ फर्मरसाहेबांनी 1906 च्या सुमारास नाव दिलं, तेही आपल्या काचुरवाहीच्याच दगडाला. आता पुस्तकात तो मँगनीजयुक्त एजिरीन-ऑजाइट, म्हणजे एक पायरॉक्सीनच, "पण नागपूरकरानं जुनंच नाव घ्यावं."

बाबांनी चिठ्ठी का जपली, ते त्या दिवशी कळलं.

तुमचं भिंग माझ्याकडेच राहिलंय. रविवारी आणून देते. सोबत तर्रीपोहे आणते, काकूंना स्वयंपाक करू देऊ नका.

तुमची,
महालातली पोरगी