चि. मुक्तास, आर्वीच्या जादूच्या स्पर्धेनंतर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पुढच्या वेळी प्रेक्षकाला वर बोलावायचा भागच काढून टाकते, वेळ वाचेल." रेंज जात-येत होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. तो भाग काढू नकोस.

आठ मिनिटं ओलांडली म्हणून गुण कापले. नियमच तसा होता, परीक्षकांचं काही चुकलं नाही. पण तुझा वेळ कुठे गेला ते मी मागून पाहत होतो. आल्या आल्या तू पत्त्यांच्या कॅटचा पंखा उघडलास, मिटलास, एका हाताने पत्ते काटलेस, या हातातून त्या हातात झरझर सोडलेस. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एक कास्तकार बसले होते. ते म्हणाले, "पोट्टीचा हात लय साफ हाये जी." नुकसान तिथेच झालं. पुढे जे काही घडलं ते सगळं त्यांनी हाताच्या सफाईच्या खात्यात टाकलं. नवल वाटायच्या आधीच त्यांना उत्तर मिळालं होतं.

मग तू पहिल्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्या बाईंना बोलावलंस. त्यांनी बदामाची सत्ती ओढली. तू मार्कर पुढे केलास, सही करा म्हणालीस, आणि त्या थबकल्या. माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं, "मले लिहिता नाही येत, बाई." मागची दोन-चार पोरं हसली. तू हसली नाहीस, घाईही केली नाहीस. "मग तुमच्या हाताला जे येतं ते काढा," म्हणालीस. टेबलावरच्या कॅमेऱ्यामुळे त्यांची बोटं मागच्या पडद्यावर दिसत होती. रांगोळीची चिमूट धरावी तसा त्यांनी मार्कर धरला आणि सत्तीवर गोपद्म काढलं. चातुर्मास चालू आहे, हात आपोआप वळला असेल. तू तो पत्ता मधे घातलास, तो वर आला. पुन्हा घातलास, पुन्हा वर. तिसऱ्यांदा त्यांनीच वरचा पत्ता उलटला. "माय वं!" एवढंच म्हणाल्या. शेजारचे कास्तकार खुर्चीतून अर्धे उठले होते. आता ते हाताबद्दल काही बोलत नव्हते.

हाच खेळ १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन या जादूगाराने हूडिनीला दाखवला, हे तूच मला सांगितलं होतंस. कोणताही खेळ तीनदा पाहिला की मला उलगडतो, अशी हूडिनीची बढाई होती, आणि वर येणाऱ्या त्या एका पत्त्याने तो निरुत्तर झाला. पण तिथे समोर नामांकित जादूगार होता, त्याला चकवण्यात पुरुषार्थ होता. लिहिता न येणाऱ्या बाईंना चकवणं सोपं आहे. चारचौघांत त्यांचं हसं होऊ न देता त्यांच्याच हातून नवल घडवणं अवघड, आणि ते तुला जमलं. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एकाने प्रेक्षकाच्या शर्टाच्या खिशातून पत्ता काढताना त्याची किती थट्टा केली, आठव. तो माणूस खाली मान घालून जागेवर गेला. मला ते अजिबात आवडलं नाही.

पहिल्या आलेल्या मुलाचा खेळ मात्र मला मनापासून आवडला. सव्वीस-सव्वीस पत्त्यांचे दोन भाग करून एकाआड एक गुंफत आठ वेळा पिसले, आणि कॅट होता तसा! गणिताचा मास्तर म्हणून माझं मन भरून आलं. सगळ्यात वरचा पत्ता वरच ठेवून गुंफलं तर आठ वेळा पुरतात. तोच पत्ता दर वेळी दुसऱ्या जागी गेला तर बावन्न वेळा पिसावं लागतं. एक पत्ता चुकला की सगळं कोसळतं. बक्षीस त्याचंच होतं, त्याबद्दल मन खट्टू करू नकोस.

अर्जेंटिनाचा रेने लावाँद तुला माहीत आहेच. नवव्या वर्षी अपघातात उजवा हात गेला, राहिलेल्या डाव्या हाताने त्याने जन्मभर पत्त्यांचे खेळ केले, तेही मुद्दाम संथ. याहून हळू करता येत नाही, असं तो म्हणायचा. तेव्हा वेळ कापायचा असेल तर पंखा काप. एका हाताने काटणं काप. मार्करचं टोपण आधीच काढून ठेव, आणि सही मागूच नकोस. "काहीही काढा" असंच म्हण, म्हणजे कुणी अडणार नाही. घड्याळ लावून मैत्रिणींसमोर करून बघ.

आजीचं म्हणणं तुला ठाऊक आहे: घरात पत्ते आले की वावर जातं. पोळ्याच्या जुगारात गेलेली वावरं तिने डोळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून तिच्यावर चिडू नकोस. मी तिला गोपद्माचं सांगितलं. जरा वेळाने म्हणाली, "मुक्तीले म्हणा, पोयाले आली का मलेही दाखव. पण ओसरीत नाही, आतमंधी."

सोयाबीन फुलावर आहे. पावसाने उघडीप दिली की फवारणी उरकून घेतो. येताना आठवणीने तुझा चांगला कागदी कॅट आण. इथल्या दुकानात प्लॅस्टिकचे पत्ते मिळतात, ते आजीच्या हातून निसटतील.

तुझे,
बाबा