स्कूबा प्रशिक्षकाची कमाई छापता, तसा खर्चही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निकालाच्या दिवसांत आपल्या पुरवणीत वेगळ्या वाटेच्या करिअरची माहिती येते. यंदा स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षकावर लेख आला. माझी थोरली मुलगी अंदमानात हेच काम करते, त्यामुळे घरात सगळ्यांनी तो वाचला. परदेशातल्या पगाराचा आकडा त्यात ठळक होता, पण तिथवर पोचायला किती पैसे लागतात याबद्दल एक ओळही नव्हती. उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. मटेरियल, मजुरी, लाइट बिल धरल्याशिवाय आम्ही कुणाला रेट सांगत नाही. पोरांच्या आयुष्याचा प्रश्न असताना अर्धाच हिशेब देऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आमचे आकडे सांगतो. पहिला, म्हणजे नवशिक्यांचा ओपन वॉटर कोर्स तिनं तारकर्लीला केला, त्याला तीसेक हजार गेले. हा कोर्स झाला की 18 मीटरपर्यंत उतरता येतं. पुढे ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि त्याबरोबरचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मिळून सत्तर हजार. डाइव्हमास्टर, म्हणजे प्रशिक्षकाच्या आधीची पायरी, त्यासाठी ती अंदमानला गेली. फी, खोली, जेवण आणि येणं-जाणं धरून सव्वा लाखाला जाऊन पोचलं. त्यानंतर प्रशिक्षकाचा मुख्य कोर्स, ज्याला आयडीसी म्हणतात. त्याची फी, दोन दिवसांच्या परीक्षेची वेगळी फी, पुस्तकं, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं सभासदत्व असे दोन लाख. स्वतःचं सामान सव्वा लाखाचं. सगळं मिळून साडेपाच लाखांच्या घरात. परीक्षेला बसायला नोंदवहीत 100 डाइव्ह लागतात आणि त्यांचाही खर्च असतोच. तेवढे दिवस पगार नाही तो वेगळा.

बँकेत शैक्षणिक कर्ज मागितलं तर अभ्यासक्रम कुठल्या विद्यापीठाचा, असं विचारलं. विद्यापीठाचा नव्हता, विषय संपला. शेवटी पतसंस्थेत सोनं तारण ठेवलं. बायकोच्या पाटल्या होत्या. ती एका शब्दानं काही बोलली नाही, पण तिच्या हाताकडे पाहिलं की मला अजून वाईट वाटतं.

सामानाला एवढे पैसे कशाला, असं मलाही वाटायचं. मग पोरीनं एक निकामी झालेला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाला पुरवणारं यंत्र, घरी आणला आणि आम्ही तो बेंचवर खोलला. वर क्रोम चढवलेली पितळी बॉडी, आत एक बारीक धारेचं तोंड आणि त्यावर बसणारी छोटी सीट. टाकीतली 200 बार दाबाची हवा रेग्युलेटरचा हा पहिला टप्पा भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 10 बार जास्त, इतक्यावर आणतो. मग तोंडातला दुसरा टप्पा ती श्वासापुरती सोडतो. सीटवर ओरखडा पडला होता, म्हणून हवा गळत होती. उघड्या डोळ्यांना दिसेना, भिंग लावावं लागलं. ते फिनिशिंग बघून माझी तक्रार संपली. पण त्याचं सर्व्हिसिंग वेळच्या वेळी करावं लागतं, किट बाहेरून येतं. सभासदत्वही दरवर्षी नवं करावं लागतं, नाहीतर शिकवता येत नाही.

आता कमाई. सुरुवातीला तिला महिना पंचवीस हजार आणि राहायला खोली मिळाली, शिवाय कोर्सच्या विद्यार्थ्यामागे थोडे वेगळे पैसे. हंगामात बरं सुटतं, पावसाळ्यात हात आखडतो. साधी सर्दी झाली तरी कानातला दाब सारखा करता येत नाही, म्हणजे पाण्यात उतरता येत नाही, आणि वरचे पैसे बुडतात. भरलेली टाकी 15 किलोहून जड असते. अशा टाक्या बोटीवर चढवणं-उतरवणंही तिच्याच कामात येतं. पोरगी खूश आहे. मला तिचा अभिमान आहे, हे कुणी विचारलं तर मी चारचौघांत सांगतो. पण सोनं सुटायला अजून वेळ आहे.

आपण कोल्हापूरकर गगनबावड्यानं नाहीतर फोंडा घाटानं मालवणला जातो, सुरमईच्या थाळीला हवे तेवढे पैसे देतो आणि स्कूबाला मात्र धक्क्यावर घासाघीस करतो. दर पाडला की तो त्या पाण्यातल्या पोराच्या पगारातून निघतो, किंवा एका माणसाच्या हाती जास्त पर्यटक दिले जातात. डायव्हिंग न शिकलेल्या माणसाला 12 मीटरच्या खाली नेऊ नये आणि एका प्रशिक्षकामागे चारपेक्षा जास्त जण नसावेत, असं आमच्या पोरीला शिकवलंय. आपण पैसे देताना एवढं तरी विचारावं.

तिथली कोळ्यांची पोरं समुद्र आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखतात. आपल्याकडेही, वीरधवल खाडेच्या गावात, विहिरीत आणि पंचगंगेत पोहणं शिकलेल्या पोरांना तोटा नाही. डाइव्हमास्टरच्या 400 मीटर पोहण्याला ती घाबरणार नाहीत. ती अडतात पैशापाशी. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचं (एमटीडीसी) प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं प्रशिक्षक होईपर्यंतच्या फीला शासनानं कौशल्य विकासातून मदत द्यावी. वैमानिकाच्या शिक्षणाला बँका कर्ज देतात, तसं यालाही मिळावं.

ज्या पालकांची मुलं हट्ट धरून बसली असतील त्यांनी आधी फक्त ओपन वॉटरचे पैसे काढावेत. मग मुलाला एखाद्या सेंटरवर एक हंगाम मदतनीस म्हणून राहू द्यावं आणि त्यानंतरच पुढच्या फीचं बोलावं. पुढच्या पुरवणीत आपण हा सगळा खर्च कमाईच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा, ही विनंती. आमच्या पावत्या मी जपून ठेवल्यात, हव्या असल्यास आणून दाखवतो.

आपला,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर