पंधरा चेंडूंची नोकरी

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर बेसबॉलमधल्या शेवटी येणाऱ्या गोलंदाजाचा विषय निघाला तेव्हा तुम्ही विचारलंत, "तीन तास कुंपणापलीकडे बसायचं, शेवटी येऊन पंधरा चेंडू टाकायचे आणि घरी जायचं, ही कसली नोकरी?" तेव्हा घाईत उत्तर द्यायचं राहिलं. आठवडाभर तो प्रश्न मनात आहे, म्हणून लिहायला बसलो. आईशीही बोलायचंय. फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे तिच्याशी नीट बोलणं होतच नाही.

बेसबॉलमध्ये आपल्यासारखी षटकं बदलत नाहीत. एकच पिचर, म्हणजे गोलंदाज, टाकत राहतो. सुरुवातीचा पिचर पाच-सहा डावांत शंभरेक चेंडू टाकून दमतो. मग मॅनेजर चालत मैदानात येतो, पिचर त्याच्या हातात चेंडू ठेवतो आणि निघून जातो. एकदा गेला की त्या सामन्यात परत येता येत नाही. पुढे येतात ते तोवर कुंपणापलीकडे बसलेले रिलीफ पिचर, म्हणजे बदली गोलंदाज. त्यातही नवव्या, शेवटच्या डावात एक, दोन, फार तर तीन धावांची आघाडी राखायला येतो तो क्लोजर. आठ डाव दुसऱ्यांनी घाम गाळलेला असतो आणि ते सगळं याच्या ओंजळीत येतं. पंधरा चेंडू खरेच, पण त्यातला एक चुकला तर सगळ्यांचा दिवस वाया.

मी इथे आलो तेव्हा न्यूयॉर्क यांकीज या संघाकडे मारियानो रिव्हेरा हा क्लोजर होता. पनामातल्या पुएर्तो काइमितो या कोळ्यांच्या गावात वाढलेला. वडील मासेमारीच्या बोटीवर कप्तान, तोही त्याच बोटीवर कामाला. लहानपणी पुठ्ठ्याचे ग्लोव्ह्ज करून खेळायचा. 1990 साली यांकीजने घेतलं तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. 1995 मध्ये पहिला सामना सुरुवातीचा पिचर म्हणून मिळाला आणि चौथ्या डावातच त्याला बाहेर काढावं लागलं. शेवटी त्याची जागा सापडली ती सामन्याच्या टोकाला.

त्याचा चेंडू तुम्हाला फार आवडला असता. 1997 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर नुसती फेकाफेक करताना त्याचा सरळ चेंडू अगदी शेवटच्या क्षणी आपोआप वळायला लागला. सरळ करायचा प्रयत्न केला, होईना. मग तसाच ठेवला. त्याला कटर म्हणतात. डावखुऱ्या बॅटरच्या अंगावर इतका उशिरा आत यायचा की बॅट मुठीजवळ मोडायची. पुढची सोळा वर्षं मुख्यतः तो एकच चेंडू. कुंबळेचा चेंडू फारसा वळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी माणसं पायचीत व्हायचीच ना? तसं. कारकिर्दीत 652 सेव्ह, म्हणजे इतक्या वेळा आघाडी राखून सामना संपवला. हंगामानंतरच्या मोठ्या सामन्यांत 141 डाव टाकून त्याच्या खात्यावर लागलेल्या धावा फक्त 11. चंद्रावर चाललेली माणसंसुद्धा त्याहून जास्त, 12.

पण बाबा, मला तुम्हाला सांगायचंय ते त्याच्या गुडघ्याबद्दल.

3 मे 2012, कॅन्सस सिटी. सामन्याआधीच्या सरावात तो नेहमीसारखा झेल पकडायला धावत होता. कुंपणाजवळ पाय मुडपला आणि उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. वय 42. त्या वर्षी निवृत्त व्हायचा विचार आधीपासूनच होता, त्यामुळे कोणी त्याला दोष दिला नसता. त्या रात्री पुन्हा खेळशील का असं विचारलं तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मी परत येणार, मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. जूनमध्ये ऑपरेशन झालं. मग महिनोन्‌महिने तेच कंटाळवाणं काम, पाय वाकवायचा, सरळ करायचा, पुन्हा वाकवायचा. 2013 मध्ये परत आला आणि 44 सेव्ह केले.

त्याचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, 26 सप्टेंबर 2013, मी वरच्या मजल्यावरून पाहिलाय. यांकीज हरत होते, म्हणजे राखायला काहीच नव्हतं. तरी तो आला आणि चार बॅटर बाद केले. मग मॅनेजरऐवजी त्याचे जुने सोबती, जेटर आणि पेटिट, चेंडू घ्यायला मैदानात आले. पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून तो कितीतरी वेळ रडला. माझ्या शेजारचा अनोळखी म्हातारा रडत होता, मीही रडत होतो. कॅन्सस सिटीच्या कुंपणापाशी सगळं संपलं असतं तर त्याला असं चालत बाहेर जाता आलं नसतं.

ताई सांगते, फिजिओथेरपीवाली मुलगी येते तेव्हा तुम्ही झोपल्याचं सोंग घेता. "आता या वयात कुठं पळायचंय" म्हणता. पळू नका. पण आयर्विन पुलापर्यंत रोज सकाळी जाणारे माझे बाबा ऑपरेशननंतर सहा आठवडे खिडकीशी बसून आहेत, हे मला इथे सहन होत नाही. दिवसातून तीन वेळा पाय वाकवा. दुखेल. तरी वाकवा.

आणि आई, आता तुझ्याशी. रिव्हेराच्या आधीचे आठ डाव टाकणाऱ्यांची नावं कोणी फारशी काढत नाही. पण दमल्यावर चेंडू दुसऱ्याच्या हातात देण्यात इथे कोणालाच कमीपणा वाटत नाही. शंभर चेंडू झाले की हात थकणारच, उद्या खेळायचं असतं म्हणून थांबायचं. तू ऑपरेशनच्या दिवसापासून एकटी टाकत्येस. रात्री बाबांना उठवून बाथरूमला नेणं, गरम पाणी, पथ्याचा स्वयंपाक, सगळं. कंबर धरली असताना मला फोनवर "काही नाही रे, बरी आहे" म्हणतेस. पलीकडच्या गल्लीतल्या मावशी संध्याकाळी सहा ते सकाळी सहा यायला तयार आहेत, ताई बोलली त्यांच्याशी. त्यांना नाही म्हणू नकोस. बाबांचं तुझ्याइतकं त्या करणार नाहीत, मला माहीत आहे. तरी रात्री तू झोप.

पैशांचं मी ताईशी बोललोय, त्यावर वाद नको.

डिसेंबरच्या वीस तारखेचं तिकीट काढलंय. बाबा, त्या आठवड्यात आपण दोघं गणपतीला जाऊ. रिक्षा देवळाच्या थोडी अलीकडे थांबवू आणि उरलेलं चालत. मी हात धरीन, पण धरायला लागू नये अशी इच्छा आहे.

तुमचाच,
बाळू