‘सिंहासन’नंतरही बरंच काही आहे, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ‘सिंहासन’नंतर मराठीत बघण्यासारखं काही झालं नाही, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. फोनवर हे नीट बोलून होत नाही, म्हणून लिहिते. मी समीक्षक नाही, तिकीट काढून सिनेमा बघणारी बाई आहे. पण जे आवडतं ते का आवडतं, ते मला सांगता येतं.

१९७९ सालच्या त्या सिनेमातला पत्रकार दिगू टिपणीस तुमचा लाडका. राजकारणातले सगळे डाव त्याला दिसतात, कळतात, आणि थांबवता एकही येत नाही. निळू फुल्यांनी काय उभा केलाय तो! चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मला त्याच कुळातला वाटतो. नारायण कांबळे हा वयस्कर शाहीर. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा त्याच्यावर आरोप. खटला उभा राहतो आणि तारखा पडत राहतात. कोणी ओरडत नाही, टेबलावर मूठ आपटत नाही. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेल्या सरकारी वकीलबाई कोर्टात कलमं वाचून दाखवतात आणि संध्याकाळी मुलाला घेऊन घरी येऊन स्वयंपाकाला लागतात. शोधूनही वाईट माणूस सापडत नाही आणि तरी त्या शाहिराचे दिवस तुरुंगात नि कोर्टात जातात. मला हे कुठल्याही खलनायकापेक्षा भयंकर वाटलं. शाहिराच्या भूमिकेतले वीरा साथीदार हे मुळात चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ मध्ये कोरोनाने गेले. त्यांचं गाणं ऐकण्यासाठी तरी बघा. कॅमेरा फारसा हलत नाही म्हणून मध्येच उठू नका.

आई, ‘सैराट’च्या शेवटी तू डोळ्यांवर पदर घेतलास. तरीही मी म्हणेन, तो शेवट तसाच हवा होता. अजय-अतुल यांनी त्या सिनेमाचं संगीत थेट लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह रेकॉर्ड केलं. ‘झिंगाट’वर अख्खं थिएटर नाचलं. आणि शेवटी, ते लेकरू रक्तात भरलेल्या पावलांनी चालत बाहेर येतं तेव्हा सगळं संगीत बंद. नागराज मंजुळे यांना तिथे व्हायोलिन लावून आपल्याला रडवता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही, म्हणून ती पावलं मला अजून आठवतात.

याच कारणासाठी हल्लीचे बरेचसे ऐतिहासिक सिनेमे मला सोसवत नाहीत. प्रत्येक वाक्याआधी ढोल, प्रत्येक पावलाला स्लो मोशन, प्रत्येक मावळा किंचाळतोय. महाराज बोलतायत तर मला त्यांचं बोलणं ऐकू द्या ना! राजगड, तोरणा आजही उभे आहेत. बाबा, तुम्हीच मला लहानपणी तिथे नेलंत. ज्यांनी तो चढ पायाखाली घातलाय, त्यांना संगणकावरचा गुळगुळीत कडा खरा कसा वाटेल?

‘बाईपण भारी देवा’वरून आपलं वाजलं होतं, आई. मला अजूनही वाटतं की त्यातल्या सहाही बहिणींची दुःखं संवादांत सांगून टाकली आहेत; वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी यांच्या नुसत्या चेहऱ्यांवरूनही ती कळली असती. पण मंगळागौरीच्या स्पर्धेभोवतीची गोष्ट बघायला तुम्ही मैत्रिणी नऊवारी नेसून गेलात, आणि तुझ्या आवाजात कितीतरी दिवस तो उत्साह होता. सिनेमा मला जेमतेम वाटला, तरी तुझा तो दिवस मला फार मोलाचा आहे.

दोघांनी मिळून बघायचा असेल तर परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ लावा. त्यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ तुम्हाला दोघांनाही आवडला होता. हा अगदी वेगळा: नवरा आणि त्याची प्रेयसी बायकोच्या खुनाचा बेत आखतात, तो आत्महत्येसारखा दिसावा म्हणून सगळी तयारी करतात आणि मग एकेक गोष्ट बिघडत जाते. त्यात एकही दृश्य फुकटचं नाही, त्यामुळे आई, मध्येच चहा टाकायला उठू नकोस. आणि शेजारच्या काकूंना शेवट सांगू नकोस.

दोघांनाही नमस्कार.

तुमची लेक