इंजिन मिळतं, काचेचं रबर मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वी आपल्या पुरवणीत जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्यांवर लेख आला होता. फोटो झकास होते. पण 'सगळ्यात जिकिरीचं काम इंजिनाचं' हे त्यातलं वाक्य वाचलं आणि लिहिणाऱ्यानं स्वतः एकही गाडी उभी केलेली नसणार, एवढं कळलं. राग मानू नये. मी एक केली आहे, म्हणजे गेली 3 वर्षं करतोय. इंजिन पाच आठवड्यांत झालं. बाकीचा वेळ काचांनी खाल्ला. खरं तर काचांनीही नाही, काचांभोवतीच्या रबरांनी, फेल्टनी (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या पट्ट्यांनी) आणि चकचकीत पट्ट्यांनी.

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1976 ची, माझ्या थोरल्या भावाची. दादा गेल्यावर ती गडहिंग्लजला गोठ्याशेजारच्या शेडमध्ये कडब्याखाली पडून होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, भंगारवाला अठरा हजार देतोय. तुम्हाला न्यायची तर न्या, पण परत आणून इथं लावू नका." आणली. टेम्पोवरून उतरवताना पुढच्या काचेचं रबर हाताला लागलं आणि बिस्किटासारखं तुटलं. तेव्हा मी हसलो होतो. रबर काय, शे-दोनशेची वस्तू.

इंजिनाचं सांगतो, म्हणजे फरक कळेल. 1089 सीसीचं साधं इंजिन. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ते इतकी वर्षं पळवलं की पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह अजून दुकानांत सापडतात. नाहीच सापडलं तर आमचं कोल्हापूर आहे. उद्यमनगरात ब्लॉक बोअर करून मिळतो, क्रँक ग्राइंड करून मिळतो. लोखंडाची वस्तू आमच्या गावात अडत नाही.

रबर अडतं. समोरच्या काचेचं रबर ही नुसती नळी नव्हे. त्याला दोन मोठ्या खाचा असतात. एकीत काच बसते, दुसरीत गाडीच्या पत्र्याची किनार. बाहेरच्या अंगाला तिसरी बारीक खाच, तिच्यात चकचकीत पट्टी सरकवायची. ही पट्टी लोकांना शोभेची वाटते. पण ती आत गेली की रबर दोन्हीकडे दाबलं जातं आणि काचेला आवळून धरतं. पट्टी एक मिलीमीटर बारीक असली तर काच वाजते. जाड असली तर आत जातच नाही, गेली तर कोपऱ्यात रबर फाडते.

कोल्हापुरात पहिल्या दुकानदारानं पुडकं काढून दिलं. मी विचारलं, "कुठल्या सालाच्या गाडीचं?" तो म्हणाला, "काका, फियाटचं सगळं एकच असतंय. बसतंय की." आणलं. बसलं नाही. मग पुण्याला नाना पेठेत. मग कुर्ल्याला सीएसटी रोडवर, तिथं उत्तर हिंदीत मिळालं, "चाचा, सब सेम टू सेम है." गंमत बघा, वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीनं ही गाडी ज्या कुर्ल्यात बनवली, त्याच कुर्ल्यात मी तिच्या काचेचं रबर शोधत उन्हात फिरत होतो.

या 'सेम टू सेम'ला थोडा आधार आहे, हे कबूल. 1964 साली आपल्याकडे फियाट अकराशे डिलाइट म्हणून जी गाडी आली, तीच पुढे काही काळ प्रेसिडेंट झाली, 1974 पासून पद्मिनी झाली आणि जवळजवळ त्याच अंगकाठीनं नव्या शतकाच्या तोंडापर्यंत निघत राहिली. इटलीत फियाटनं अकराशे डी 1966 सालीच थांबवली होती. लांबून पाहिलं तर 1966 ची आणि 1996 ची जुळ्या बहिणी. पण खिडकीपाशी या, नखानं किनार चाचपा, मग कळतं. माझ्याकडे आता 4 गाड्यांचे तुकडे आहेत, आणि त्यांतल्या कुठल्याही दोघांची पट्टीची खाच सारखी नाही.

माझा धंदा सांगायचा राहिला. मी 41 वर्षं पॅटर्नमेकर होतो, आधी उद्यमनगरात, नंतर शिरोलीच्या एका फाउंड्रीत. आधी सागवानाचा पॅटर्न, त्यावरून वाळूत साचा, साच्यात ओतीव लोखंड. लोखंड थंड होताना शेकडा एक इतकं आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीच वेगळी असते, तेवढी मोठी आखलेली. असा माणूस मापाला चुकणार नाही, असं आपल्याला वाटेल. मी कसा चुकलो ते ऐका.

जुन्या रबराचा अर्धा बोटभर काप ब्लेडनं कापला, शेजारी स्टीलची पट्टी ठेवली आणि बिंदू चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रत काढून घेतली. झेरॉक्सवाला म्हणाला, "आजोबा, हे काय, गांडूळ?" त्या कागदावरून मापं उतरवली आणि ती घेऊन दुकानं पालथी घातली. शेवटी पुण्यात हुबेहूब त्याच मापाचं रबर मिळालं. आनंदानं सोलापुरी चादरीत गुंडाळून आणलं. काचेवर चढवलं तर काच खाचेत शिरेना. पन्नास वर्षांत रबर सुकून, आकसून, कडक होऊन गेलेलं. मी आकसलेल्या वस्तूचं माप घेऊन नवी वस्तू शोधत होतो! आयुष्यभर पोरांना आकसणीची पट्टी वापरायला शिकवली आणि स्वतः साधी पट्टी घेऊन गेलो. बायकोनं हे सगळ्या पाहुण्यांना सांगितलंय.

माप घ्यायचं ते काचेच्या जाडीचं आणि पत्र्याच्या किनारीचं. जुनं रबर फक्त आकार सांगतं, माप सांगत नाही. पण तिथंही मेख निघाली. दादानं मध्ये कधीतरी समोरची काच बदललेली होती, आणि ती मागच्या मूळ काचेपेक्षा जाड निघाली. शिवाय खालची किनार गंजून गेली होती, तिथं माझ्या डेंटरनं जुना पत्रा न कापता वरून नवा पट्टा वेल्ड करून दिला, त्यावर पुटी, त्यावर प्रायमर. एका पत्र्याच्या जागी दोन पत्रे आणि वर लेप. मग कंपनीचं सीलबंद रबर जरी देवानं आणून दिलं असतं तरी खालच्या बाजूला बसलं नसतं. दोन महिने मी रबरवाल्यांना शिव्या घालत होतो आणि दोष पत्र्याचा होता. डेंटरला बोलावून पट्टा उतरवायला लावला. तो रुसला. दुसरा शोधला, त्यानं कुजलेला भाग कापून काठाला काठ लावून पत्रा जोडला, तेव्हा निम्मं दुखणं गेलं.

पुढच्या दारातल्या तिकोनी छोट्या काचेचं, ज्याला गॅरेजात क्वार्टर ग्लास म्हणतात तिचं, रबर हे वेगळंच प्रकरण. समोरच्या काचेचं रबर मीटरवर निघतं, शेवयांसारखं डायमधून दाबून. क्वार्टर ग्लासचं साच्यात घडवलेलं असतं, कारण त्याला कोपरे आहेत, काच ज्या खुंटीवर फिरते तिच्यासाठी भोक आहे, आणि डावं-उजवं वेगळं आहे. मला एका दुकानानं जोडी म्हणून दोन डावी दिली. परत करायला गेलो तर म्हणाले, "उलटं करून लावा ना." उलटं केलं की पाणी अडवणारी जीभ आतल्या बाजूला येते, म्हणजे पावसाचं पाणी अगदी शिस्तीत आपल्या मांडीवर. ती डावी अजून माझ्याकडे एक जास्तीची आहे. कुणाला हवी असल्यास उजवीच्या बदल्यात देईन.

दारातून वर-खाली होणाऱ्या काचेचा फेल्टचा चॅनेल मात्र सहज मिळाला आणि बसलाही, त्यावर जास्त लिहीत नाही.

पावसाळ्याआधी मी घाईनं समोरची काच बसवली. रीत जुनीच. आधी काचेभोवती रबर चढवायचं, किनारीच्या खाचेत सुतळी फिरवून टोकं आत सोडायची, साबणाचं पाणी लावायचं, बाहेरून एकानं काच तळहातानं दाबायची आणि आतून दुसऱ्यानं सुतळी हळूहळू ओढत जायची. सुतळी निघेल तसा रबराचा ओठ किनारीवर चढतो. बाहेर नातू, आत मी. बसली! पण रबर दोन बोटं आखूड पडत होतं म्हणून मी ते ताणून जोड जुळवला होता. ताणलेलं रबर गुमान राहत नाही. तीन आठवड्यांत जोड उघडला, अर्धा सेंटिमीटर फट. जुलैचा कोल्हापूरचा पाऊस आपल्याला माहीत आहे. सकाळी पायाखालची काथ्याची चटई उचलली तर खाली तळं. पद्मिनीचा तळपत्रा असाच मरतो, वरून नव्हे, चटईखालून. आता मी रबर एक-दीड बोट जास्त कापतो आणि दोन्ही टोकं एकमेकांवर रेटून बसवतो. आणि रंगाआधी सगळं एकदा कच्चं बसवून पाहतो, पट्टीसकट. रंगानंतर पट्टी ठोकताना एक ओरखडा पडला की पेंटर आणि मालक दोघांचंही तोंड दिवसभर वाकडं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. टॅक्सीमुळे इंजिनाचे भाग टिकले हे खरं, पण टॅक्सीमुळेच काचेचे गेले. टॅक्सीवाल्याला गाडी धावायला हवी आणि गळती थांबायला हवी. चकचकीत पट्टी निघाली की ती परत लागत नसे, खाचेत काळं सोल्यूशन भरून मोकळे. बाजारातही मग असं एकच रबर उरलं, जे कुठल्याही पद्मिनीला कसंतरी बसतं आणि नीट कुठल्याच पद्मिनीला बसत नाही. त्यातही 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सीच उरली नाही. शेवटची 2003 साली नोंदलेली, 20 वर्षांची मुदत संपली. वर्तमानपत्रांनी गहिवरून लिहिलं, फोटो छापले. मी मात्र त्या दिवशी मनाशी म्हटलं, आता हे कसंतरी बसणारं रबरसुद्धा बंद होणार. कुर्ल्याचा एक दुकानदार मला सरळ म्हणाला, आहे तो माल संपला की पुन्हा भरणार नाही.

सरकारचं धोरण जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. धूर सोडणाऱ्या गाड्या जाव्यात. 15 वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी 2022 च्या एप्रिलपासून 5000 रुपये झाली होती, तीही भरली. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे, मात्र ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. काचेच्या पट्टीचं त्यात काही नाही, म्हणजे तेवढी तरी सुटका. माझं म्हणणं एवढंच, की गाडी दाबयंत्राखाली जाण्याआधी तिच्या काचांभोवतीच्या पट्ट्या, क्लिपा, क्वार्टर ग्लासची चौकट आणि रबराचा हातभर तुकडा सोडवून बाजूला ठेवावा आणि त्याला गाडीच्या सालाची चिठ्ठी बांधावी. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. साल न लिहिलेली पट्टी माझ्या लेखी नुसता पत्रा. स्क्रॅपिंग केंद्रांनी हे केलं तर विकूनही चार पैसे मिळतील. आमच्या भागातल्या भंगारवाल्यांशी मी बोललोय, दोघं तयार झाले आहेत. तिसऱ्यानं विचारलं, "आजोबा, पट्टी स्टीलची का अॅल्युमिनियमची? किलोचा भाव वेगळा आहे."

दुसरं, गोकुळ शिरगावच्या एका रबर कारखान्यात माझ्या सेक्शनची, म्हणजे रबराच्या आडव्या कापाच्या आकाराची, डाय करायला तयार आहेत. डायचा खर्च मी करीन. पण कमीत कमी 300 मीटर माल उचलावा लागेल, त्याखाली मशीन चालू करणं त्यांना परवडत नाही. एका गाडीच्या पुढच्या काचेला साधारण साडेतीन मीटर लागतं, म्हणजे 80-85 गाड्या झाल्या. माझ्याकडे एक आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, इचलकरंजी, बेळगाव या पट्ट्यात सत्तरच्या दशकातली पद्मिनी, प्रेसिडेंट किंवा डिलाइट कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या गोठ्यात असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयाकडे लिहावं, माझा पत्ता मी आपल्याकडे ठेवला आहे. सोबत गाडीचं साल, काचेची जाडी आणि चौकटीच्या किनारीची जाडी कळवावी. किनार वर, खाली आणि दोन्ही बाजूंना अशी चार ठिकाणी, रंग खरवडून मोजावी. जाडी मोजायचा व्हर्नियर नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडून मोजून घ्यावी, चहाच्या बदल्यात तो मोजून देईल.

जुन्या रबराचं माप मात्र कृपा करून पाठवू नये.

कळावे,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, मंगळवार पेठ, कोल्हापूर